उतरणीचं दुखणं

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मोटार जाते ती पश्चिमेच्या उरवाई दरवाजानं. पूर्वेकडून, किला गेटच्या वस्तीतून जायचं तर पायीच. आलमगिरी दरवाजा ओलांडला, गुजरी महाल मागं टाकला की फरसबंदी चढण लागते. मग गणेश दरवाजा, खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर, लक्ष्मण दरवाजा आणि माथ्यावर हत्ती पोळ. चतुर्भुज मंदिरातल्या इसवी सन 876 च्या शिलालेखात शून्याचा आकडा आहे, म्हणून दिवसा इथं गणिताचे अभ्यासक आणि पर्यटक धापा टाकत येतात. उजाडायच्या आधी मात्र ही वाट भरतीच्या पोरांची असते.

पोरं काही ग्वाल्हेरची, काही मुरैना-भिंडहून येऊन खोली घेऊन राहिलेली. चंबळच्या या पट्ट्यात घरटी एक तरी फौजेत असावा अशी धारणा आहे. अग्निवीर भरतीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावलं तर पूर्ण 60 गुण, बीमवर दहा पुलअप्स काढल्या तर 40. या शंभर गुणांसाठी पोरं पहाटे चढावर धावतात आणि त्याच वाटेनं, कधी शर्यत लावून, उतरतात. त्यातला एकजण कठड्याला हात टेकत, तिरका तिरका, एकेक पाऊल जपून खाली येत होता. ‘परसों उतराई ज्यादा हो गई,’ तो म्हणाला. ट्रॅकपँटच्या खिशातून त्यानं गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. एसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सेरॅशिओपेप्टिडेज, तिन्ही एकाच गोळीत. एक धावायच्या आधी, एक झोपताना. कोणी सांगितलं? ‘सब लेते हैं, सर.’

या अंकासाठी संपादकांनी ‘डागडुजी’ हा विषय दिला तेव्हा वाडे, पूल, जुनी वाद्यं असं बरंच सुचलं होतं. पण शरीर आपली डागडुजी रोज करतं, आणि आपण त्या कामात गोळी घेऊन लुडबुड करतो, ती नेमकी काय करते हे बघावंसं वाटलं. त्यासाठी ग्वाल्हेरसारखं गाव नाही. शारीरिक शिक्षणाची देशातली मोठी संस्था इथं, राज्याची महिला हॉकी अकादमी इथं, भरतीची पोरं इथं, आणि लष्कर भागात दोनशे वर्षं मुरलेला, तालमीच्या आठवणी सांगणारा मराठी समाजही इथंच.

फळीवरचा प्रयोग

मेळा मैदानाच्या रस्त्यावर लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे. सत्तावनच्या उठावाला शंभर वर्षं झाली म्हणून 17 ऑगस्ट 1957 रोजी ती इथं सुरू झाली, कारण झाशीची राणी याच गावात पडली; तिची समाधी फुलबागेत आहे. पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ हे मुंबईच्या कांदिवलीतल्या शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्थेतून आलेले. मराठी मुलखातून विद्यार्थी इकडे येत असतात. मला भेटलेला सांगलीकडचा मुलगा लहानपणी तालमीत गेलेला होता आणि ‘दुखतंय म्हणजे अंग बनतंय’ या वाक्यावर वाढलेला होता.

त्यानं मला गुडघ्याएवढ्या उंच फळीसमोर उभं केलं. उजवा पाय फळीवर ठेवून वर चढायचं आणि उतरताना पुन्हा उजवाच पाय आधी खाली टाकायचा. असं करत राहायचं. म्हणजे अंगाचा भार वर उचलायचं काम उजव्या मांडीचं, आणि तोच भार हळूहळू खाली सोडायचं काम फळीवर मागं राहिलेल्या डाव्या मांडीचं. धाप लागली, घाम आला. दमला तो उजवा पाय. डाव्याला विशेष काही कळलंही नाही. ‘परवा सकाळी फोन करा,’ तो म्हणाला.

परवा सकाळी डाव्या मांडीला हात लावू देईना. जिना उतरताना कठडा धरावा लागला. उजवी मांडी मात्र काही झालंच नसल्यासारखी होती.

गड उतरून आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला याचा अनुभव आहे, फक्त हिशेब कळलेला नसतो. राजगड किंवा हरिश्चंद्रगड चढताना छाती फुटते, पण सोमवारी ऑफिसच्या जिन्यावर जे रडवतं ते उतरण्याचं दुखणं असतं. स्नायू आखडत भार उचलतो तेव्हा त्याला ऊर्जा जास्त लागते. तोच स्नायू ताणला जात असताना भार धरून ठेवतो, जणू ब्रेकचं काम करतो, तेव्हा ऊर्जा कमी लागते. पण तो भार थोड्याच तंतूंवर पडतो. प्रत्येक तंतू सूक्ष्म कप्प्यांचा बनलेला असतो. त्यांतले कमकुवत कप्पे मर्यादेपलीकडे ताणले जातात, कप्प्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या विस्कटतात, पेशीच्या आवरणाला चिरा जातात. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला स्नायूचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरून या विस्कटलेल्या पट्ट्या दाखवल्या. बैठक मारताना खाली जाणं, पुलअप काढून अंग हळू सोडणं, हॉकीत धावता धावता एकदम थांबून वळणं, हे सगळं ब्रेकचं काम. मल्लखांब हा मध्य प्रदेशचा 2013 पासून राज्य क्रीडाप्रकार आहे. त्यात लाकडावरून सावकाश घसरत येणाऱ्या खेळाडूच्या दंडांनाही हेच सोसावं लागतं.

लॅक्टिक ॲसिडवरचा आळ

मैदानावर कोणालाही विचारा, दुखण्याचं कारण ‘लॅक्टिक ॲसिड’ असंच मिळतं. जिममधले प्रशिक्षक सांगतात, मालिश करणारे सांगतात, भरतीची पोरं तर शपथेवर सांगतात. या आळात तथ्य नाही, आणि हे बरंच आधी कळलेलं आहे. थिओडोर हाऊ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं 1902 मध्येच लिहिलं होतं की व्यायामानंतर उशिरा येणारं दुखणं स्नायूत काहीतरी फाटल्यामुळे असावं. पुढं 1983 मध्ये काही जणांना सपाटीवर आणि काही जणांना उतारावर धावायला लावून रक्त तपासलं गेलं. सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तात लॅक्टेट वाढलं, पण नंतर अंग दुखलं नाही. उतारावर धावणाऱ्यांचं लॅक्टेट वाढलं नाही, पण पुढचे दोन दिवस त्यांचं चालणं मुश्कील झालं. लॅक्टेट तर धाव संपल्यावर तासा-दीड तासात पूर्ववत होतं. परवाच्या दुखण्याशी त्याचा काय संबंध?

दुसरा गोंधळ गोळे येण्याचा. त्याची गोष्ट ग्वाल्हेरमध्ये सांगायला आवडते, कारण ती सचिनची आहे. 24 फेब्रुवारी 2010 रोजी कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यानं 147 चेंडूंत नाबाद 200 केल्या, पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतलं पहिलं द्विशतक. वय 36. डावाच्या अखेरीस पायांत गोळे येत होते, तरी त्यानं रनर घेतला नाही. स्टेडियमला नाव आहे ते ध्यानचंद यांचे धाकटे बंधू आणि ग्वाल्हेरच्या फौजेत नोकरी केलेले हॉकीपटू रूपसिंह यांचं. तर गोळा येणं म्हणजे दमलेल्या स्नायूनं आपणहून आवळून बसणं. ताणलं, थोडं थांबलं की सुटतं. उतरणीचं दुखणं बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि आठवड्याभरात निघून जातं. तिसरी गोष्ट खऱ्या दुखापतीची: धावता धावता मांडीमागे एकदम चमक भरते, माणूस जागच्या जागी थांबतो, बोट ठेवून जागा दाखवता येते. या तिन्हींवर एकच गोळी खाल्ली जाते, आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

सूज कशासाठी येते

दुखावलेल्या स्नायूत काही तासांतच पांढऱ्या पेशींची पहिली फळी पोचते. ती मोडतोड झालेला माल उचलते, आणि उचलता उचलता थोडी नासधूसही करते. मागोमाग, एक-दोन दिवसांत, मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी येतात. आधी त्यांचा भर सफाईवर असतो. मग त्यांचं वागणं बदलतं आणि त्या बांधकामाचे आदेश देऊ लागतात. जुन्या वाड्याचं काम करताना आधी राडारोडा उचलणारे येतात आणि त्यांनी जागा मोकळी केल्याशिवाय गवंड्याला हात घालता येत नाही, तसाच हा क्रम. आदेश मिळतो तो स्नायूतंतूंच्या कडेला निजलेल्या सॅटेलाइट पेशींना. अलेक्झांडर मॉरो यांनी 1961 मध्ये त्या बेडकाच्या स्नायूत पाहिल्या. जाग आली की त्या वाढतात आणि जखमी तंतूला जाऊन मिळतात. सूज, ऊब, दुखरेपणा ही या वर्दळीची बाहेरून दिसणारी खूण.

या वर्दळीत निरोप पोचवणारी रसायनं म्हणजे प्रोस्टाग्लँडिन्स. त्यांना तयार करणारं विकर म्हणजे कॉक्स. ॲस्पिरिन बायरच्या प्रयोगशाळेत 1897 मध्ये तयार झालं, 1899 पासून विकलं गेलं, पण ते काम कसं करतं हे कळायला 1971 उजाडावं लागलं. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिन आणि त्याची भावंडं प्रोस्टाग्लँडिन्स तयारच होऊ देत नाहीत. 1982 चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, इंडोमेथॅसिन ही सगळी याच घराण्यातली. कॉक्स रोखलं की दुखणं कमी होतं, कारण मज्जातंतूंना हळवं करणारा निरोप थांबतो. पण दुरुस्तीसाठी जाणारे निरोपही याच वाटेनं जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या हेलन ब्लाऊ यांच्या गटानं 2017 मध्ये उंदरांवर दाखवलं की प्रोस्टाग्लँडिन ई-2 हे स्नायूतल्या मूळपेशींना, म्हणजे सॅटेलाइट पेशींना, जागवणारं महत्त्वाचं रसायन आहे, आणि दुखावलेल्या स्नायूत कॉक्स रोखणारं औषध टोचलं तर स्नायूची भरपाई आणि ताकद दोन्ही मागे पडतात.

तरण्या अंगाचा हिशेब

उंदरांचं माणसाला लागू पडतं का? इथं निकाल एकमुखी नाही. अमेरिकेत टॉड ट्रॅपी यांच्या गटानं 2002 मध्ये तरुणांकडून मांडीचा जबर, उतरणीसारखा व्यायाम करून घेतला. दुसऱ्या दिवशी, नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांच्या स्नायूत प्रथिनं बनण्याचा वेग चांगलाच वाढलेला होता. दिवसाला 1200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन किंवा 4000 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घेतलेल्यांत ही वाढ दबली होती. गंमत म्हणजे दुखणं तिन्ही गटांत सारखंच होतं. 2007 मध्ये डेन्मार्कमध्ये ॲबिगेल मॅकी आणि सहकाऱ्यांनी धावपटूंना 36 किलोमीटर धाववलं. आठव्या दिवशी औषध न घेतलेल्यांत सॅटेलाइट पेशी 27 टक्क्यांनी वाढलेल्या होत्या, इंडोमेथॅसिन घेणाऱ्यांत ती वाढ नव्हती. पण याच मॅकी यांनी 2016 मध्ये विजेच्या झटक्यांनी स्नायूला जास्त मोठी इजा करून पाहिली, तेव्हा आयबुप्रोफेन घेणाऱ्यांत दुरुस्ती मागे पडली नाही, उलट सॅटेलाइट पेशी अधिक दिसल्या. म्हणजे इजा किती मोठी आहे यावरही बरंच अवलंबून आहे.

भरतीच्या पोरांनी लक्षात ठेवावा असा प्रयोग स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतला, 2018 चा आहे. 18 ते 35 वयाच्या स्त्री-पुरुषांनी आठ आठवडे मांडीचा वजनांचा व्यायाम केला. एका गटाला रोज 1200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, दुसऱ्याला नाममात्र म्हणून 75 मिलिग्रॅम ॲस्पिरिन. दुसऱ्या गटाच्या मांडीचा स्नायू 7.5 टक्क्यांनी वाढला, आयबुप्रोफेनवाल्यांचा 3.7 टक्क्यांनी. व्यायाम तेवढाच, घाम तेवढाच, कमाई निम्मी. कमी मात्रेत आणि अधूनमधून घेतलेल्या गोळीनं असा फरक पडत नाही, असंही दुसऱ्या प्रयोगात दिसलेलं आहे. मात्रा आणि सवय, या दोन गोष्टींवर सगळं अडतं.

आणि मुळात या गोळ्यांनी परवाचं दुखणं थांबतं का? फार थोडं. काही प्रयोगांत किंचित कमी, काहींत काहीच नाही. धावायच्या आधी घेतलेली गोळी तर ज्या दुखण्याला अजून सुरुवात व्हायची आहे त्याच्यासाठी असते. पण सगळे घेतात, दुखणं चार दिवसांत जातंच, आणि श्रेय गोळीला मिळतं.

काउंटरवर

जयारोग्य रुग्णालयाच्या बाहेर, कंपू भागात, औषधांच्या दुकानांची रांग आहे. जिल्हा क्रीडा संकुल तिथून जवळच. संध्याकाळी एका दुकानाच्या कडेला उभं राहिलं की कळतं, ‘दर्द की गोली’ हे पूर्ण वाक्य आहे. कुठं दुखतं, कधीपासून, बाकी काय औषधं चालू आहेत, यातलं काही विचारलं जात नाही. दुकानदार पाठीमागे न बघता हात घालतो आणि पट्टीची कातरीनं चार गोळ्यांपुरती फोड करतो. पट्टीवर ‘शेड्यूल एच’ आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असं छापलेलं असतं; कापताना नेमका तोच भाग बहुधा उरलेल्या तुकड्यावर राहतो.

त्या तिहेरी गोळीतल्या सेरॅशिओपेप्टिडेजची कथा ऐकण्यासारखी आहे. रेशमाच्या किड्याच्या आतड्यात सापडलेल्या जिवाणूपासून मिळालेलं हे विकर जपानमध्ये सूज उतरवण्यासाठी अनेक वर्षं विकलं गेलं. पुन्हा चाचण्या घेतल्या तेव्हा त्याच्यात आणि बिनऔषधी गोळीत फरक दिसेना. तिथल्या ताकेदा कंपनीनं 2011 मध्ये ते स्वतःहून बाजारातून काढून घेतलं. आपल्याकडे ते दर दुसऱ्या पाकिटात आहे. अशा मिश्रणांवर सरकारची कात्री अधूनमधून चालते. ऑगस्ट 2024 मध्ये बंदी घातलेल्या 156 मिश्रणांत 50 मिलिग्रॅम एसिक्लोफेनॅक आणि 125 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची गोळीही होती.

मुरगळलेल्या घोट्यावर किंवा मुक्या मारावर लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल मात्र कामाचं ठरलेलं आहे. औषध दुखऱ्या जागी उतरतं, रक्तात थोडंच जातं, त्यामुळे पोटाला आणि मूत्रपिंडाला धोका कमी. आणि मुरगळण्यासारख्या दुखापतीत साधं पॅरासिटामॉल सूज उतरवणाऱ्या गोळ्यांच्या तोडीस तोड वेदना कमी करतं, असं चाचण्यांचा एकत्र आढावा सांगतो. शहरातल्या एका फिजिओथेरपिस्टबाईंनी हे सगळं एका वाक्यात उरकलं: ‘गोळीनं दुखणं गप्प बसतं, बरं होत नाही, पोरं गप्प बसण्यालाच बरं होणं समजतात.’

मे महिन्यातलं मूत्रपिंड

स्नायूचं नुकसान हा हिशेबाचा एक भाग. दुसरा भाग ग्वाल्हेरच्या उन्हाचा. मे महिन्यात इथं पारा 45 च्या पुढे जातो, सकाळी आठलाच लू अंगावर येते. अशा हवेत धावताना अंगातलं पाणी घटतं, रक्त कातडीकडे आणि पायांकडे वळतं, मूत्रपिंडाच्या वाट्याला कमी येतं. या अडचणीच्या वेळी मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन्स करतात. गोळी तीच बंद पाडते. त्यात फाटलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन रक्तात उतरलेलं असेल, तर गाळणीवर दुहेरी ताण. बाहेर फिरून आलेल्या, पाणी प्यायलेल्या माणसाला चालून जाते तीच गोळी उन्हात कोरड्या अंगानं धावणाऱ्याला महागात पडू शकते.

लांब पल्ल्याच्या धावपटूंवर हे तपासलेलं आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 80 किलोमीटरच्या शर्यतीत धावणाऱ्यांपैकी काहींना दर चार तासांनी 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिलं, काहींना बिनऔषधी गोळी. मूत्रपिंडाला तात्पुरती इजा झाल्याच्या खुणा आयबुप्रोफेनवाल्यांत 52 टक्के, इतरांत 34 टक्के. आकडा लहान गटाचा आहे, संख्याशास्त्राच्या कडक कसोटीला थोडा कमी पडतो, पण कल स्पष्ट आहे. कॅलिफोर्नियातल्या 160 किलोमीटरच्या शर्यतीत आयबुप्रोफेन घेणाऱ्यांच्या रक्तात सूज दाखवणारी रसायनं उलट जास्त निघाली, आणि त्यांना दुखलं इतरांएवढंच.

डायक्लोफेनॅकचं नाव आपल्या देशात एका मोठ्या संहाराशी जोडलेलं आहे. गुरांना ते टोचलं जाई, मेलेल्या गुराचं मांस गिधाडं खात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरत. तीन जातींची गिधाडं पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली. 2004 मध्ये कारण कळलं, 2006 मध्ये गुरांसाठीच्या औषधावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरपुरती मर्यादित केली. गिधाडाचं शरीर आणि आपलं शरीर वेगळं, त्याला जी मात्रा जीवघेणी ती आपल्याला नाही. पण दुकानात शेंगदाण्यासारखं मिळणारं औषध किती ताकदीचं असतं, याचा याहून मोठा दाखला नाही.

लष्करातले काका

दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास फौजेचा तळ टाकला, त्याचं शहर झालं ते लष्कर. जुन्या मराठी घरांत अजून चकली-कडबोळ्यांचे डबे भरतात. मराठीत मात्र हिंदी पाण्यासारखी मिसळलेली आहे. तिथले एक काका पंचाहत्तरीचे. तरुणपणी तालमीत रोज जोर-बैठका. ‘आमच्या वेळी दुखलं की सरसोंच्या तेलानं मालिश आणि रात्री हळदीचं दूध. उस्ताद सांगायचे, उद्या परत ये, कमी मार, पण ये.’ आता ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून रबरी पट्ट्यांचा व्यायाम करतात आणि गुडघ्यांसाठी गोळी घेतात. त्यांनी मला सरळच विचारलं, ‘ह्या गोळीनं माझा व्यायाम वाया जातोय का?’

उत्तर ऐकून ते खूश झाले. ट्रॅपी यांच्याच गटानं 2011 मध्ये 60 ते 85 वयाच्या लोकांकडून बारा आठवडे मांडीचा व्यायाम करून घेतला, आणि इथं आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घेणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली. म्हातारपणी अंगात मंद सूज कायमच तेवत असते. ती थोडी दबली की स्नायूला वाढायला वाव मिळतो, असं स्पष्टीकरण दिलं जातं. तरण्या अंगाला जी वर्दळ हवी असते ती म्हाताऱ्या अंगात आधीच जास्त झालेली असते.

पण काकांच्या डब्यात रक्तदाबाच्या दोन गोळ्याही निघाल्या, त्यातली एक लघवी वाढवणारी. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि सूज उतरवणारी गोळी, या तिन्ही एकत्र आल्या की मूत्रपिंडं अडचणीत येतात. काकूंनी लगेच चष्मा लावून पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि उद्याच डॉक्टरकडे जायचं फर्मान काढलं. म्हणजे म्हाताऱ्यांनी गोळी खाऊन व्यायाम करावा, असा अर्थ यातून काढता येत नाही.

दुखण्यावरचं खरं औषध

उस्तादांचं ‘कमी मार, पण ये’ हे वाक्य शास्त्राच्या कसोटीला उतरतं. एकदा उतरणीचा व्यायाम केला, दुखलं, बरं झालं, की तोच व्यायाम पुन्हा केल्यावर नुकसान आणि दुखणं दोन्ही पुष्कळ कमी होतात. हे संरक्षण काही आठवडे, कधी काही महिनेही टिकतं. त्यासाठी पहिल्या वेळी मरेस्तोवर करायची गरज नसते. हलक्या हातानं केलेली सुरुवातही पुरते. म्हणून जाणते प्रशिक्षक उन्हाळी सुटीनंतर खेळाडूंना पहिल्याच दिवशी जोरात पळवत नाहीत. थांबणं-वळणं, उतारावर धावणं, वजन हळू खाली सोडणं, यांची मात्रा आठवड्या-आठवड्यानं वाढवतात. भरतीची पोरं नेमकं उलटं करतात. जाहिरात येईपर्यंत आराम, आणि तारीख लागली की पहिल्याच आठवड्यात किल्ल्याची उतरण.

बर्फाचं काय? आराम, बर्फ, दाब, पाय उंच, ही चौकट अमेरिकेतल्या गेब मर्किन यांनी 1978 मध्ये पुस्तकात मांडली आणि जगभरच्या मैदानांवर रूढ झाली. त्याच मर्किन यांनी 2014 मध्ये सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आराम दोन्ही बरं होणं लांबवू शकतात. ताज्या दुखापतीसाठी 2019 मध्ये ब्रिटिश क्रीडावैद्यक नियतकालिकात आलेल्या सूचनांत पहिल्या दिवसांत सूज उतरवणारी औषधं टाळा, असं स्पष्ट म्हटलं आहे. दुखापत सांभाळून लवकर हालचाल सुरू करा, यावर भर आहे. सामना उद्याच असेल तर थंड पाण्यात बसून बरं वाटतं, यात वाद नाही. रोजच्या सरावात मात्र त्याचीही सवय नको, कारण गोळीसारखंच तेही स्नायूच्या घडणीच्या आड येतं.

बाकी सगळं स्वस्त आहे: पुरेशी झोप, पोटभर डाळ-अंडी-दूध, पाणी, दुखऱ्या दिवशी हलकं चालणं. आणि काही खुणा ओळखता येणं. लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली, स्नायू सुजून दगड झाला, एका जागी चमक भरली, किंवा आठवडा उलटूनही दुखणं जाईना, तर गोळीची नाही, डॉक्टरची वेळ आहे.

तारीख लागल्यावर

किल्ल्यावरच्या त्या पोराला मी यातलं थोडंबहुत सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मगर सर, भरती के दिन दर्द हुआ तो?’

प्रश्न रास्त आहे. भरतीच्या दिवशी पोटरी दुखत असली आणि साडेपाच मिनिटांवर वर्षभराची मेहनत लागलेली असली, तर पोट आणि मूत्रपिंड धडधाकट असलेल्या, पाणी प्यायलेल्या पोरानं डॉक्टरला विचारून एक गोळी घेणं हा मोजून घेतलेला धोका आहे. त्या एका दिवशी स्नायू घडवायचा नसतो, घडलेला वापरायचा असतो. जगभरचे व्यावसायिक खेळाडूही हेच करतात, आणि बऱ्याचदा प्रमाणाबाहेर करतात. 2010 च्या फुटबॉल विश्वचषकात जवळजवळ चाळीस टक्के खेळाडू प्रत्येक सामन्याआधी वेदनाशामक घेत होते.

त्या आधीच्या साठ-सत्तर सकाळींचा हिशेब वेगळा आहे. त्या सकाळी तो किल्ल्यावर येतो ते मांडी फाटावी, मग दुरुस्त व्हावी आणि दुरुस्त होताना आधीपेक्षा बळकट व्हावी म्हणून. धावायच्या आधी एक आणि झोपताना एक घेतली, तर पहाटे चार वाजता उठून जे मिळवायला तो आला, त्यातलं थोडं थोडं तो रोज त्या पट्टीसोबत दुकानदाराला परत करतो, वर पैसेही देतो. हे ऐकून तो हसला. पाकीट फेकून वगैरे दिलं नाही. चार गोळ्यांचे पैसे लागतात. ‘दौड़ वाले दिन के लिए रखता हूँ,’ म्हणाला आणि पुढच्या फेरीला चढावर चालत निघाला.